इंद्रसिंग मावसांची गाळीव दवा

माझे मावसा इंद्रसिंग गिरासे कंपाउंडर होते, पण कंपाउंडर म्हटलेलं त्यांना खपत नसे. "मी दवा बनवतो," असं ते सांगत, आणि अशा थाटात सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, डॉक्टर हा माणूस नुसता खुर्ची अडवायला ठेवलेला आहे. एका परीनं ते खरंही होतं. जुने डॉक्टर नाडी बघत, चिठ्ठीवर कोंबडीचे पाय काढत आणि पत्ते खेळायला निघून जात. ते कोंबडीचे पाय वाचून दवा बनवणारा माणूस पंचक्रोशीत एकच होता, आणि तो आपण आहोत याचा त्यांना कधी विसर पडला नाही.

गाव तळोद्याच्या अलीकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. नाव सांगत नाही, तिथे अजून आमची सोयरीक आहे. एका शेठजींनी आईच्या नावानं तिथे धर्मादाय दवाखाना काढला होता. मी सांगतोय ते साधारण एकोणीसशे तीस-पस्तीसच्या आसपासचं. त्या मुलखात पोटातली आग हा रोग मानतच नसत, घरोघरचा शेजारी मानत. नंदुरबारच्या लाल मिरचीचा ठेचा, वर अंबाडीची भाजी, आणि उन्हाळ्यात डोंगरातून उतरणारं आमचूर. असं खाल्ल्यावर छातीत जळणार नाही तर काय होणार?

माझी मावशी तापीबाई हिच्या छातीत मात्र खाल्लं तरी जळे आणि नाही खाल्लं तरी जळे. लग्न होऊन आल्यानंतर दोन-चार वर्षांतच तिला हे दुखणं लागलं ते लागलंच. नवरा दवाखान्यात, औषध हाताशी, म्हणजे बाई नशीबवान, असं सगळे म्हणत. तीही म्हणे.

या आगीवरचं औषध म्हणजे मॅग्नेशिया. पिठीसारखी पांढरी, हलकी पूड. ती पाण्यात घालून वर पुदिन्याचा अर्क टाकायचा आणि रोग्याला द्यायची, असं डॉक्टरांच्या पुस्तकात होतं. पूड पाण्यात विरघळत नाही. ढवळा, घुसळा, थोड्या वेळानं तळाशी जाऊन बसते. म्हणून बाटलीवर चिठ्ठी असे: घेण्यापूर्वी बाटली हलवावी.

ही सूचना मावसांनी पाळली नाही असं त्यांचा वैरीही म्हणणार नाही. दंड भरून येईपर्यंत ते बाटली हलवत. मग दुपदरी मलमलीतून गाळत. वरचं नितळ, पुदिन्याच्या वासाचं पाणी रोग्याला, आणि फडक्यातला पांढरा गाळ मागच्या दारी.

यात हसण्यासारखं काही नाही. आपल्याकडे औषध म्हणजे काढा. गुळवेल असो, अडुळसा असो, उकळायचं, गाळायचं, चोथा उकिरड्यावर. गुण पाण्यात उतरतो, चोथ्यात काही उरत नाही, हे ज्ञान मावसांच्या घराण्यात सात पिढ्यांपासून होतं. बाटली हलवायची कशाला? गुण उतरावा म्हणून. मग गुण उतरल्यावर चोथा रोग्याच्या पोटात घालणं ही साहेबाची रीत असेल, रजपुताची नव्हे. "जे पाण्यात विरघळत नाही, ते अंगात काय विरघळणार?" हा त्यांचा सवाल असे, आणि तो ऐकून शहाणी शहाणी माणसं माना डोलवत. मागच्या दारचा गाळ झाडलोटीला येणारी भुरीबाई घेऊन जाई आणि त्यानं घराची भिंत पोतारी. तालुक्यात आम्लपित्तावर खरा उपचार तेवढ्या एका भिंतीवर चालू होता.

मावसा अडाणीही नव्हते. धुळ्याला काही इयत्ता इंग्रजी शिकले होते. लघवी तपासायचे लिटमसचे कागद दवाखान्यात असत, त्यांचा उपयोग त्यांना ठाऊक होता. आंबट पदार्थ निळा कागद तांबडा करतो. सोडा, पापडखार यांचं पाणी तांबडा कागद निळा करतं. त्याला अल्कली म्हणायचं, हाताला ते साबणासारखं बुळबुळीत लागतं, आणि तेच आंबटपणाचा काटा काढतं. मावसांनी एकदा आपल्या गाळलेल्या दवेत तांबडा कागद बुडवला, तर तोही निळसर झाला. संपलं! गुण उतरला याला आणखी कसला पुरावा हवा? त्यांनी तो कागद पुढे कित्येक दिवस खिशात ठेवला होता आणि लोकांना दाखवला होता.

त्याहून मोठा पुरावा घरी होता. मावशीची दवा ते दवाखान्यातून आणत नसत. रोज दुपारी, ऊन कितीही असो, डोक्याला उपरणं गुंडाळून ते घरी येत, स्वतःच्या हातानं दवा करत आणि ती एकदा नव्हे, दोनदा गाळत. दुसऱ्या खेपेला धुतलेलं, वेगळं, आणखी मऊ फडकं. घरचं माणूस म्हटल्यावर हलगर्जीपणा चालेल का? वाटी तिच्या हातात देत आणि समोर बसून विचारत, "बरं वाटस ना?"

"वाटस," मावशी म्हणे.

मग मावसा दवाखान्यात परत जात आणि शंका काढणाऱ्या रोग्याला सांगत, "अरे, हातच्या कांकणाला आरसा कशाला? मन्हा घरमाच गुण शे." म्हणजे, गुणाचा दाखला माझ्याच घरात आहे.

जुने डॉक्टर एक दिवस पत्त्यांतून उठलेच नाहीत, म्हणजे वारले. त्या आडगावी दुसरं कोणी येईना. शेवटी शेठजींनी नवापूरकडचे डॉक्टर दावीद यांना आणलं. हे तिकडच्या कोकणी या आदिवासी जमातीतले ख्रिस्ती गृहस्थ, वयानं तरुण, मिशनच्या मदतीनं शिकलेले. गावातल्या सोवळ्याओवळ्यानं आधी नाक मुरडलं, पण पोट दुखायला लागलं की सोवळं आपोआप सैल होतं. डॉक्टरांचा दोष एकच. ते पत्ते खेळत नसत. त्यामुळे दवाखान्यात काय चाललंय ते त्यांना दिसू लागलं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मावसांना मलमल पिळताना पाहिलं.

"इंद्रसिंगजी, हे काय करताय?"

"दवा गाळतोय, साहेब."

"आणि दवा कुठे आहे?"

मावसांनी नितळ बाटली उजेडाला धरली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते फडक्यातल्या गाळाकडे बघत होते. मग त्यांनी हळूच विचारलं, "किती वर्षं गाळताय?"

मावसांना वाटलं, शाबासकी येतेय. त्यांनी छाती काढून सांगितलं. डॉक्टर मटकन स्टुलावर बसले.

वाद झाला. मावसांनी काढा सांगितला, सात पिढ्या सांगितल्या, खिशातला निळा कागद काढला आणि शेवटी आपला हुकमी सवाल टाकला: पाण्यात विरघळत नाही, ते अंगात काय विरघळणार? डॉक्टर भांडले नाहीत. त्यांनी भुरीबाईला थोडं आमचूर भिजवून आणायला सांगितलं. ते आंबट पाणी दोन पेल्यांत सारखं ओतलं. एकात मावसांची गाळलेली दवा घातली, दुसऱ्यात तितकीच न गाळलेली, गढूळ. दोन्ही ढवळून थोडा वेळ ठेवले.

"आता चाखा."

मावसांनी पहिला पेला तोंडाला लावला. दात आंबले. दुसरा लावला. आंबटपणा गायब, नुसतं कडसर, पांचट पाणी.

"तुमचा कागद खोटं बोलला नाही," डॉक्टर म्हणाले. "ही पूड पाण्यात अगदी नखभर उतरते. कागद निळा करायला तेवढं पुरतं. पण आग विझवायला नखभर पुरत नाही. आंबटपणा खाऊन टाकायचं बळ आहे ते सगळं तळाच्या गाळात. आणि तुम्ही म्हणता तो नियम पाण्याचा आहे. पोटात पाणी नसतं, पोटात आम्ल असतं." त्यांनी कपाटातलं पातळ आम्ल एका नळीत घेतलं आणि त्यात चिमूटभर गाळ टाकून हलवला. जी पूड पाण्यात जन्मभर तशीच बसली असती ती बघता बघता दिसेनाशी झाली.

मावसा नळी डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले. मग रजपुतानं शेवटचा मोर्चा बांधला. "म्हणजे शेवटी नखभर का होईना, उतरते म्हणूनच ती अल्कली. अजिबात उतरली नसती तर?"

हा प्रश्न मात्र चांगला होता, आणि डॉक्टरांना तो आवडला. पाणी तापवायचं तांब्याचं जुनं भांडं कोपऱ्यात होतं. आचेनं त्याचं बूड काळं पडलं होतं. डॉक्टरांनी धुराची काजळी पुसून काढली आणि खालची तांब्याची काळी पापडी चाकूनं खरवडली. "मॅग्नेशिया ही मॅग्नेशियम धातूची राख, तशी ही तांब्याची राख. धातू आणि हवेतला प्राणवायू एक झाले की हे होतं. ऑक्साइड म्हणतात." ती काळी भुकटी पाण्यात टाकली, तांबडा कागद बुडवला. कागद तांबडाच. निळा कागदही निळाच. पाणी गाळून बघितलं, नुसतं पाणी. मग तीच भुकटी आम्लात टाकून दिव्यावर नळी गरम केली. काळेपणा हळूहळू गेला आणि नळीत मोरपंखी रंगाचं पाणी झालं.

"पाण्याशी ही एक अक्षर बोलली नाही, पण आम्ल मात्र खाल्लं. आम्लाचं पाणी झालं आणि तांब्याचं मीठ झालं. हे विष आहे, चाखू नका. जो पदार्थ आम्लाशी असा व्यवहार करून मीठ आणि पाणी देतो, त्याला रसायनवाले बेस म्हणतात. पाण्यात विरघळतो की नाही, हे ते विचारतच नाहीत. जे बेस पाण्यात विरघळतात त्यांना वेगळं नाव, अल्कली. सगळे पाटील गावकरी असतात, म्हणून सगळे गावकरी पाटील होतात का? लोखंडाचा गंज घ्या, तोही बेस आहे. सगळ्याच धातूंच्या राखा इतक्या सरळ वागत नाहीत. जस्ताची राख आम्लाकडेही जेवते आणि तिखट अल्कलीकडेही. पण रीत एकच. बेस ओळखायचा तर पाण्याला विचारू नका, आम्लाला विचारा."

आजकाल शाळेत बेसला आम्लारी म्हणतात आणि मुलं ते एका ओळीत पाठ करतात. मावसांना ती ओळ शिकायला अर्धी नोकरी लागली. त्यांनी फडकं धुतलं, झटकलं, खुंटीवर टाकलं आणि म्हणाले, "उद्यापासून गाळत नाही, साहेब." हे म्हणायला छाती लागते, आणि ती त्यांच्याजवळ होती, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगतो.

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यातून गढूळ बाटल्या जाऊ लागल्या आणि गावात बोंब उठली. नवा डॉक्टर चुना पाजतो! दवेत माती! डोंगरातून बाजाराला उतरणाऱ्या वाहरू, जामसिंग अशा आदिवासी रोग्यांनी काही तक्रार केली नाही. त्यांच्याकडे मुळी ठेचून पाण्यात कालवून ती सगळीच पितात. तक्रार केली ती आमच्या शहाण्यासुरत्या मंडळींनी. शिवाय मॅग्नेशियाला पोट साफ करायची खोड आहे. पहिल्या आठवड्यात अर्धी पेठ तांब्या घेऊन पळताना दिसली. स्वतः शेठजी दवाखान्यात येऊन मावसांना बाजूला घेऊन म्हणाले, "इंद्रसिंग, माझ्यापुरती ती पहिली निर्मळ दवा करत जा. तुझ्या हाताला गुण होता." म्हणजे मावसांची चूक उघडकीला आली आणि लागलीच त्यांची कीर्ती शिगेला पोचली. असं भाग्य थोरामोठ्यांनाही लाभत नाही.

मावसा सगळ्यांना सांगत, "हलवा आणि घ्या. गाळ हीच दवा शे." लोक हसत.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो इथे होता. दवाखान्यात गाळणं बंद करणारे मावसा घरी मात्र गाळतच होते. रोज दुपारी यायचं, मलमल घ्यायची, दोनदा गाळायचं, वाटीभर पुदिन्याचं पाणी बायकोच्या हातात द्यायचं. का? कारण गढूळ वाटी तिच्या हातात दिली तर ती विचारणार, आज गाळली नाही का. मग सांगावं लागणार की इतकी वर्षं तुला पाणी पाजलं. गावासमोर मान खाली घालणं सोपं, गाव काय, उद्या विसरतं. घरात जिनं आपल्याला दवेचा राजा मानलं तिच्यासमोर ते तोंड उघडेना. मला या गोष्टीचा अजून राग येतो. माणूस चांगला होता, बायकोवर जीव होता, आणि तरी केवळ आब राखण्यासाठी तो रोज तिची आग तशीच ठेवून परत जात होता. आणि विचारत होता, बरं वाटस ना. आणि ती म्हणत होती, वाटस. ते ऐकून त्यांना थोडा धीरही येई. तिला बरं वाटतंय ना, मग काय घाई आहे?

एक दिवस दवाखान्यात रोगी नव्हते म्हणून ते सकाळीच घरी आले. मावशीला चाहूल लागली नाही. ती चुलीपुढे गुडघे पोटाशी घेऊन वाकली होती. पाट्याचा वरवंटा चुलीजवळ शेकून, फडक्यात गुंडाळून तिनं छातीखाली दाबून धरला होता, आणि ओठ दातांत धरले होते. मावसा दारातच थांबले. तिनं मान वर केली, त्यांना पाहिलं आणि क्षणात वरवंटा बाजूला सारून, पदर सावरून ती ताठ उभी राहिली. चेहऱ्यावर तेच रोजचं शांत हसू. हे उभं राहणं इतकं सराईत होतं की मावसांना त्यातच सगळं समजलं. हे पहिल्यांदा होत नव्हतं. आपण दुपारी येतो त्याआधी रोज होत होतं.

ते तसेच दवाखान्यात गेले आणि मॅग्नेशियाची पूड घेऊन आले. वाटीत कालवली. मलमलीला हात लावला नाही.

"आज गाळी नही का?" मावशीनं विचारलंच.

"गाळामाच चुकी व्हती," मावसा म्हणाले. "दवा मी फेकी देत व्हतू. तुले नुसतं पानी पाजं. इतला वरीस पानी पाजं."

मावशीनं वाटी घेतली, तळाचा गाळ बोटानं पुसून सगळी प्यायली आणि भिंतीला टेकून बसली. मावसा समोर बसले. त्यांचा रोजचा प्रश्न विचारायचं त्यांना धाडस होईना. बऱ्याच वेळानं तीच म्हणाली, "थांबनी."

"काय?"

"आग. थांबनी."

आग थांबली, असं इतक्या वर्षांत तिनं कधी म्हटलं नव्हतं. मावसांनी विचारलं, "मंग आतेपावत बरं वाटस म्हने, ते?"

"काय सांगू मंग? तुम्ही उन्हमा येत, दोनदा गाळीसन देत, समोर बसी ऱ्हात. आनि मी म्हनू का, काही फरक नही?"

मावसा रडले. मावशीनं हे मला सांगितलं तेव्हा सांगताना ती हसत होती, पण ते रडले हे तिनं दोनदा सांगितलं. इतकी वर्षं ते गावाला घरचा दाखला देत होते, आणि तो दाखला म्हणजे बायकोचा भिडस्तपणा होता.

मावशीचं दुखणं पुढे खरोखर हटलं. ती खाऊ लागली, अंगावर मूठभर मांस आलं. दवेची बाटली तिच्या फडताळात राही आणि लागेल तेव्हा ती स्वतः हलवून घेई. त्यामुळे मावसांचं दुपारी घरी येण्याचं कारण उरलं नाही. शिवाय शरम होतीच. ते सकाळी जात ते दिवेलागणीलाच येत, जेवत आणि मुकाट पडून राहत. गावात त्यांनी आता रोग्यांना विचारण्याची पद्धतही बदलली होती. "बरं वाटतं ना" असं ते कोणालाच विचारत नसत. "कुठे दुखतं, कसं दुखतं, खाल्ल्यावर की आधी" असं खोदून खोदून विचारत. डॉक्टर दावीदांना त्याचं कौतुक वाटे. घरी मात्र त्यांनी काहीच विचारणं सोडलं होतं.

हे असं कित्येक महिने चाललं. मग एका संध्याकाळी मावशीनं ताट वाढलं आणि समोर बसली. ती नवऱ्याला उलटून बोलणारी बाई नव्हती. जन्मात तिनं एवढं मोठं बोलणं एकदाच केलं असेल.

"दुखनं गयं ते बरं जायं," ती म्हणाली. "पन तुम्ही दुपारले येतस नही, ते काही बरं नही. गाळाले काही ऱ्हायनं नही ते नुसता या."

मावसांनी मान वर केली नाही, पण दुसऱ्या दिवशी ऐन उन्हात ते आले. मग दोघं भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले.